सहा वाजताचा फोन

दत्ताराम परबांकडे कुत्रा ठेवायचा, तर आधी त्यांच्या परीक्षेत आपल्याला पास व्हावं लागे. कुत्रा बहुतेक वेळा पास असायचाच.

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक बैठी चाळ होती. तिच्यातली शेवटची खोली परबांची. खोलीमागे थोडी मोकळी जागा, तिच्यावर पत्रे, बाजूंनी जाळी, आणि आत एका वेळी जास्तीत जास्त सात कुत्री. पाटीबिटी काही नव्हती. माणसं लग्नाला, फिरायला, कुठेकुठे जाताना आपलं कुत्रं तिथे सोडून जात आणि परत आली की घेऊन जात. औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढल्यावर तो कारखाना बंद पडला, तेव्हा परबांनी हे बोर्डिंग सुरू केलं. सगळे त्यांना दत्तूकाका म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

मी पहिल्यांदा गेले ती आमच्या चिंगीला घेऊन. चिंगी म्हणजे घाटकोपरच्या आमच्या सोसायटीच्या गेटापाशी सापडलेली काळी, लांब कानांची, जातीचा पत्ता नसलेली कुत्री. तिला बघून तीन रिक्षावाले निघून गेले होते. चौथ्याने "काटती है क्या?" विचारलं, त्यावर माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, "अभी तक तो नहीं" असं प्रामाणिक उत्तर दिलं आणि तोही जवळजवळ हातचा गेला. असे घामाघूम होऊन आम्ही पोचलो, तर दत्तूकाका आमच्याकडे बघायलाच तयार नाहीत. साठीचे, काटकुळे, खाली अर्धी चड्डी आणि वर ऑफिसात घालायचा असतो तसला कडक इस्त्रीचा शर्ट. ते पायरीवर उकिडवे बसले आणि चिंगीशी बोलायला लागले.

"काय गो, नाव काय तुझा?"

"चिंगी," मी म्हटलं.

"तुम्हाला नाय विचारलं," ते म्हणाले.

चिंगीने त्यांचा हात हुंगला, मग कोपर, मग कान. तेवढा वेळ आम्ही उभेच होतो. नंतर आमची पाळी आली. ही झोपते कुठे? पलंगावर की खाली? पलंगावर, तर कोणाच्या बाजूला? फटाक्यांना घाबरते की कुकरच्या शिट्टीला? तुम्ही चिडलात की हिला काय म्हणता? शेवटच्या प्रश्नावर श्रीकांत माझ्याकडे बघायला लागला. चिडल्यावर आम्ही तिला काय म्हणतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"सांगा ना," दत्तूकाका म्हणाले. "चार दिवस कोणी शिवी दिली नाय तर तिला वाटेल, आपण परक्यांत आलो."

अंगावरचा एक कपडा आणा, असं त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. मी माझा जुना गाऊन धुऊन, घडी करून, स्वच्छ पिशवीत घालून नेला होता. त्यांनी तो नाकाला लावला आणि मला परत दिला.

"याला साबणाचा वास येतो. घरी ही काय साबणाबरोबर राहते?"

मग त्यांनी माझ्या गळ्यातली ओढणी मागून घेतली. चार दिवसांनी ती परत मिळाली तेव्हा ओढणी म्हणावी अशी राहिली नव्हती. पण चिंगी चार दिवस तिच्यावर गुमान झोपली होती, हे शालनकाकींनी शपथेवर सांगितलं. शालनकाकी म्हणजे दत्तूकाकांची बायको. सातही कुत्र्यांचा भात एका मोठ्या टोपात त्याच शिजवायच्या. कोंबडीचे पाय, दुधी, थोडी हळद. त्या वासाने मलाही भूक लागायची, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दत्तूकाकांचा एक नियम मात्र फार कडक होता. कुत्र्याला सांगितल्याशिवाय जायचं नाही. कुत्र्याचं लक्ष नसताना सटकायचं नाही. समोर बसायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं, कुठे चाललोय, किती दिवस, कधी येणार, हे सगळं नीट बोलायचं. मोठमोठे लोक त्या पायरीवर बसून आपल्या कुत्र्याला तिकिटाची तारीख सांगताना मी पाहिले आहेत.

एकदा कुठल्याशा टॉवरमधले एक गृहस्थ आले होते. त्यांनी आपल्या बीगलपुढे बिस्किटं टाकली आणि ते खातंय तोवर हळूच गाडीकडे निघाले. दत्तूकाका त्या अर्ध्या चड्डीत त्यांच्यामागे धावले आणि नाक्यावर गाडीच्या काचेवर थाप मारून त्यांना उभं केलं.

"साहेब, मागे चला."

"अहो, फ्लाइट आहे माझी."

"तेच सांगा त्याला. फ्लाइट आहे म्हणून सांगा."

गृहस्थ परत आले. चिडलेले होते, पण पायरीवर बसले आणि बीगलला म्हणाले, "पप्पा जातोय. सोमवारी येतो." एवढं बोलून त्याच्या गळ्यातला पट्टा त्यांनी उगाचच दोनदा सारखा केला. ते गेल्यावर दत्तूकाका मला म्हणाले, "माणसाशी काय खोटं बोलायचं ते बोला ताई, तो आपला बघून घेतो. याच्याशी बोलू नये. हा उत्तर देऊ शकत नाय."

आणि मग फोन. रोज संध्याकाळी सहाला. सहा ते साडेसात मालकांचे फोन येत आणि दत्तूकाका एकेका कुत्र्यापाशी बसून त्याच्या कानाला फोन लावत. ते चालू असताना स्वतः तोंड फिरवून एक कुठलंसं भजन पुटपुटत राहत, त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. "तुमचं तुम्ही बोला, मी मध्ये नाय," असं ते सुरुवातीलाच सांगून टाकत. माणसं कुत्र्यांशी काय काय बोलतात, याचा तुम्हाला अंदाज नसेल. श्रीकांत घरात दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो, त्यातली सहा चहाबद्दल असतात. तो महाबळेश्वरहून चिंगीशी अकरा मिनिटं बोलला. मी बाथरूममधून ऐकत होते. ऑफिसमध्ये त्याला कोणी त्रास देतंय हे मला तेव्हा कळलं.

गणपतीत मात्र बोर्डिंग बंद असायचं. दत्तूकाका कुडाळजवळच्या एका वाडीतले, आणि मूळ घरचा गणपती म्हणजे जगबुडी आली तरी जायचं. गिऱ्हाइकांनी कितीही गयावया केली तरी काकांचं उत्तर एकच: "देवाक काय सांगू? कुत्रे होते म्हणान इलंय नाय?" त्यामुळे चारेक वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर मी सहज फोन केला आणि "आणा चिंगीला, आहे मी इथे" असं ते म्हणाले, तेव्हा मला वाटलं घरात काही वाईट घडलं असेल.

"यंदा गावाला नाही?"

"नाय."

"का हो?"

"तिकडे नेटवर्क नाय," ते म्हणाले.

नेटवर्क नाही म्हणून गणपतीला न जाणारा कोकणी माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते. चिंगीला सोडायला गेले ती दुपारी, मुद्दाम लवकर. काका जाळीपाशी दुधी चिरत बसले होते. बारीक झाले होते. शर्ट तोच कडक इस्त्रीचा, पण गळा मोठा वाटत होता. चिंगी धावत त्यांच्याकडे गेली आणि हात-कोपर काही न हुंगता थेट त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन थांबली. हलेचना. काकांनी तिला हळूच बाजूला केलं.

"सगळी असंच करतात आता," ते म्हणाले.

मग दुधी चिरता चिरता त्यांनी मला वैद्यांची गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं. कोणाला तरी सांगायचीच होती, मी समोर होते, एवढंच.

मुलुंड पूर्वेचे वैद्य नवरा-बायको त्यांचे जुने गिऱ्हाईक. वैद्य सर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वैद्यबाई घर सांभाळणाऱ्या. मुलगी परदेशात. घरात एक म्हातारा लॅब्रेडोर, सोन्या. तेरा वर्षांचा, जाडा, चार पावलं चालला तरी जीभ बाहेर काढून धापणारा. दोन हिवाळ्यांपूर्वी दोघं एका ग्रुपबरोबर दहा दिवस केरळला निघाली. सोन्याला पायरीवर बसून सगळं सांगून झालं. सरांचा वापरलेला हाफ स्वेटर त्याच्यासाठी ठेवून झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोन्या भात जेवला, बाकाखाली जाऊन त्या स्वेटरवर झोपला आणि उठला नाही. डॉक्टर येऊन बघून गेले. हृदय थांबलं म्हणाले, वय झालं होतं, कोणाचा दोष नाही.

"सांगून टाका," शालनकाकी म्हणाल्या. दत्तूकाकांचंही तेच ठरलं होतं. इतक्या वर्षांत दोन कुत्री त्यांच्याकडे असताना दगावली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी तासाभरात कळवलं होतं. पण वैद्यबाई त्या वेळी कुठल्यातरी बोटीत होत्या, फोन लागेना. म्हणून मग सहाला त्यांचाच येईल तेव्हा सांगू, असं ठरलं.

सहाला फोन आला. काकांनी तो कानाला लावला, "वैद्यबाई" म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्या सुरू झाल्या. रोजच्यासारखं त्यांना वाटलं, फोन सोन्याच्या कानालाच आहे.

"म्हटलं, जरा दम घेतील मग सांगू," काका म्हणाले. "मध्येच कसं तोडायचं?"

त्या दिवशी काकांनी भजन म्हटलं नव्हतं. वैद्यबाई सोन्याला सांगत होत्या, की आज बोटीत ह्यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही कोणाबरोबर आलात? मी हसले, बाकीच्यांना वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती रे. गेले सहा महिने असंच चाललंय. मुलीला सांगितलेलं नाही, ती सगळं टाकून येईल. डॉक्टरना सांगायची मला भीती वाटते. पण सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ह्यांनी काय विचारलं माहितेय? सोन्याला फिरवून आणलं का? तुझं नाव आठवतं त्यांना. माझं नाही आठवत, तुझं आठवतं. तू आहेस तोवर मी निभावून नेईन रे बाळा.

मग त्या थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज गप्प का तू? श्वास तरी ऐकव."

दत्तूकाकांच्या हातातली सुरी थांबली होती. दुधीची अर्धी फाक तशीच होती.

"मी कधी केलं मला कळलंच नाय ताई. तोंड उघडलं आणि धापलो. त्याच्यासारखा. इतक्या वर्षांत इतक्या जणांचे श्वास ऐकलेत, ते येतंच असणार माझ्यात. पलीकडून ती म्हणाली, 'हां, आता बरं वाटलं.' आणि फोन ठेवला."

शालनकाकी तेव्हा दारात उभ्या होत्या. त्या दोन दिवस काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. काकांनी सोन्याला मागे डोंगराच्या उतारावर पुरलं, त्या स्वेटरसकट. आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा धापले. तिसऱ्या दिवशीही. असे सात फोन. त्या सात फोनांत वैद्यबाईंनी पन्नास वर्षांच्या संसारातलं जे कोणालाच कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. काय, ते दत्तूकाकांनी मला सांगितलं नाही. "ते त्यांचं आणि सोन्याचं," एवढंच म्हणाले, आणि मान खाली घालून दुधी चिरू लागले.

मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." असं काहीतरी आपण म्हणतोच.

"चांगल्यासाठी पहिल्या दिवशी," ते म्हणाले. "पुढचे सहा दिवस मला धीर नव्हता म्हणून."

दहाव्या दिवशी वैद्य एअरपोर्टवरून थेट तिथेच आले. सरांच्या हातात केळ्याच्या वेफर्सची मोठी पिशवी होती. जाळीपाशी येऊन त्यांनी "सोन्या!" अशी खणखणीत हाक मारली आणि आतली सगळी कुत्री एकदम भुंकली. काकांनी बाईंना टाकीच्या आडोशाला नेलं आणि एका दमात सांगितलं. तिसऱ्या दिवशीच गेला. झोपेत. त्याला त्रास झाला नाही.

बाईंनी विचारलं, "मग रोज फोनवर?"

"मी."

त्या काकांकडे बघत राहिल्या. सात दिवसांत आपण काय काय बोललो, ते त्या आठवत असणार. काका त्यांच्या पायांकडे बघत होते. "हाणलं असतं मला तर सुटलो असतो ताई," ते मला म्हणाले. पण वैद्यबाईंनी हात उचलला नाही आणि आवाजही चढवला नाही. पदर सारखा केला, सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सोन्याच्या पायाला लागलंय. डॉक्टर म्हणतात, काही दिवस इथेच ठेवा."

"असं का?" सर म्हणाले. "मग रोज फोन करत जाऊ त्याला."

दुसऱ्या दिवशी सहाला फोन आला. दत्तूकाकांनी उचलला. आधी बाईंचा आवाज, अगदी कोरडा: "ह्यांना देते." मग सर. सोन्या, जेवलास का? सोन्या, पाय कसा आहे? आणि दत्तूकाका पायरीवर बसून धापले.

त्याला आता पावणेदोन वर्षं होत आली होती आणि एकही संध्याकाळ चुकली नव्हती. गावच्या वाडीत रेंज येत नाही, म्हणून हा सलग दुसरा गणपती बंद. सख्ख्या पुतण्याचं लग्न ठाण्याला होतं म्हणून गेले, तर ऐन मुहूर्ताला मांडवामागे जाऊन धापत बसले. नातेवाइकांना वाटलं दम्याचा त्रास आहे, कोणीतरी पंप आणून दिला. फोन धरायचं बाकी सगळ्या कुत्र्यांचं काम शालनकाकींकडे गेलं. काका म्हणत, मी त्या कानांजवळ बसायच्या लायकीचा नाही राहिलो.

काकीही मला एकटीला गाठून बोलल्या. झोपेतसुद्धा हे धापतात, म्हणाल्या. जीभ अशी बाहेर येते. मी हलवून उठवते. "गावच्या देवाक कौल लावूक व्हयो. ह्येंच्यात काय तरी शिरलाहा." काकांना ते आत ऐकू गेलं असावं. तिथूनच त्यांचा आवाज आला, "भूत-बित काय एक नाय गो. मीच आसंय तो."

त्या दिवशी चिंगीला तिथे सोडताना मी पायरीवर बसून नेहमीसारखं तिला सगळं सांगितलं. काका जाळीला टेकून ऐकत होते. मी "रविवारी येते हं" म्हटलं तेव्हा ते तोंड फिरवून आत गेले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. कुत्र्याशी खोटं बोलू नका म्हणून लोकांना रस्त्यातून परत आणणारा हा माणूस. आणि रिक्षात बसल्यावर त्याच माणसासाठी मी रडत होते. दोन्ही एकाच वेळी झालं, त्याला माझा इलाज नाही.

पुढेही आम्ही दोन-तीनदा चिंगीला तिथेच ठेवलं. दुसरीकडे ठेवावं असं कधी मनात आलं नाही. मात्र सहाच्या बरंच आधी जाऊन निघायचं नाहीतर साडेसातनंतर पोचायचं, हे मी पाळत होते. एकदाच ते चुकलं, आणि दत्तूकाकांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्यानंतर चिंगी गेली आणि मला मुलुंडला जायचं कारण राहिलं नाही. काकांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो लावत नाही, सहाला तर नाहीच नाही.

त्या दिवशी रिक्षा लवकर मिळाली नाही, म्हणून मी सहाला दहा कमी असताना तिथे पोचले. काकी आत टोप घासत होत्या. चिंगी मला बघून नाचली, बाकीच्यांनी आरडाओरडा केला. मग सहा वाजले, आणि कोणी न सांगता सगळी कुत्री गप्प झाली. उठून जाळीपाशी आली आणि काकांकडे तोंड करून उभी राहिली. चिंगीचं शेपूटसुद्धा थांबलं.

फोन वाजला. काकांना एव्हाना एका कानाने कमी ऐकू येत होतं, त्यामुळे स्पीकर चालू होता. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच बसा म्हणून सांगितलं.

"सोन्या?" वैद्य सरांचा आवाज. थकलेला, पण शब्द स्वच्छ.

दत्तूकाकांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. मी तो श्वास त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी डोळे मिटले असते तर शेजारी एक म्हातारा लॅब बसलाय अशी मी शपथ घेतली असती.

"जेवलास का रे?"

काका धापत राहिले.

 मग सर म्हणाले, "कोण आहे तिकडे?"

काका थांबले. दारात शालनकाकी येऊन उभ्या राहिल्या, हाताला राख तशीच.

"अहो, सोन्याच आहे," मागून वैद्यबाईंचा आवाज आला, लांबून.

"तुम्ही जरा चहा ठेवता का, बाई?" सर त्यांना म्हणाले. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग सर फोनमध्ये हळू बोलू लागले. वर्गात मुलाला जवळ बोलावून विचारतात तसं. "हं, आता बोला. कोण आहात आपण?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? त्यांचे ओठ दोनदा हलले.

"परब, सर. दत्ताराम परब. सोन्याला मी सांभाळायचो."

"गेला का तो?"

"होय, सर. खूप दिवस झाले."

"त्रास झाला?"

"नाय, सर. झोपेत. तुमच्या स्वेटरवर."

"बरं, बरं." सर म्हणाले. "परब, माझं एक काम करा. इथे घरात एक बाई असतात. नाव आत्ता माझ्या लक्षात येत नाहीये. पण फार करतात हो माझं. त्या रोज सहाला हा फोन लावून बसतात, सोन्यासाठी. तो गेल्याचं त्यांना कळू देऊ नका. त्यांचा फार जीव होता त्याच्यावर. सहन नाही होणार त्यांना. तुम्ही हे जे करता, ते चालू ठेवाल का?"

दत्तूकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही.

"ठेवीन, सर."

"आभारी आहे. थांबा, त्या आल्या. देतो त्यांना." फोन हातातून हातात गेल्याची खरखर ऐकू आली. त्यांचं घर काही मोठं नव्हतं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. "घ्या बाई," सरांचा आवाज आला, मोठा, आनंदी. "सोन्या आहे. बोला त्याच्याशी."

काकी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग वैद्यबाईंचा आवाज आला, आणि त्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही.

"सोन्या," त्या म्हणाल्या. "ऐकतोयस ना रे?"

दत्तूकाकांनी फोन दोन्ही हातांत धरला, तोंडाशी नेला आणि ते धापू लागले.